भटकं मांजर सांभाळताना लहानपणी काय शिकलात?

शाईचा_डाग

घरात प्राणी असले की मुलं प्रेमळ होतात, जबाबदार होतात, असं सगळेच म्हणतात. माझा त्यावर फारसा विश्वास नाही. कुत्र्याच्या बाबतीत असेलही तसं. भटक्या मांजराच्या नादी लागलेलं पोर मात्र सगळ्यात आधी हात आवरायला शिकतं. निदान मी तरी तेच शिकले.

आमच्या जिन्याखाली एक तिरंगी भाटी यायची. तिचं नाव ठिपकी ठेवलं होतं, पण ते आमच्यापुरतंच. तिनं त्या नावाला कधी ओ दिली नाही. जवळ जावं तर मागे सरकणार, आपण थांबलो की तीही थांबणार. बशी ठेवून तिथेच उभं राहिलं तर तोंड लावायची नाही. पायऱ्या चढून वर गेलो, पाठ फिरवली, की मग खाली बशी सरकल्याचा आवाज. शाळकरी मुलीला हा केवढा अपमान! खायला आपण द्यायचं आणि बाईसाहेबांनी आपल्याकडे ढुंकूनही बघायचं नाही.

हळूहळू लक्षात आलं की किती जवळ यायचं हे तिनं ठरवायचं आहे, मी नाही. मग मी पायरीवर पुस्तक घेऊन बसायला लागले, तिच्याकडे मुद्दाम न बघता. टक लावून बघितलं की ती उठून जाते एवढं कळलं होतं, का जाते ते माहीत नव्हतं. एकदा आली आणि पुस्तकाच्या कोपऱ्याला गाल घासून गेली. मला नाही, पुस्तकाला! कोपऱ्यावर तिचे केस चिकटले होते, बरेचसे पांढरे आणि एकच तांबूस. तो कोपरा मी कितीतरी दिवस पुसला नव्हता.

आपल्याला द्यावंसं वाटतं म्हणून समोरच्यानं घेतलंच पाहिजे असं नसतं, हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही. घरात तर मुळीच नाही. आमच्याकडे आग्रह म्हणजेच प्रेम होतं.

तुमचे अनुभव लिहा. ‘मुक्या जीवांवर दया करा’ छापाचे नकोत, ते आपण सगळ्यांनी निबंधात लिहून झालेत. नेमकं काय घडलं आणि त्यातून काय उमगलं ते सांगा.

उशिरा_उठणारा

पहिला! (हे लिहिण्यासाठी आज लवकर उठलो.)

मी शिकलो ते हे, की ‘आपलं’ मांजर असं काही नसतं. आमच्याकडे एक पिवळा बोका यायचा. रोज संध्याकाळी दाराशी असा काही केविलवाणा ओरडायचा की वाटावं, आठवडाभर पोटात अन्न नाही. आम्ही भावंडं आपल्या ताटातलं काढून त्याला घालायचो आणि बोका दिवसेंदिवस गोल होत चालला होता. एवढी उपासमार होऊन हा जाडा कसा होतो, हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नाही.

एके दिवशी पलीकडची मुलं त्याला ‘बंड्या, बंड्या’ म्हणून हाक मारताना दिसली आणि तो शेपूट उभी करून त्यांच्याकडे निघाला. आमचा राजा! चौकशी केली तर एका घरी तो बंड्या, एका घरी मोत्या आणि एका घरी चक्क सोनी. म्हणजे त्या लोकांनी नीट बघितलंही नव्हतं. चार घरची पोरं जिन्यात जमली, कडाक्याचं भांडण झालं. प्रत्येकाकडे पुरावे होते. आमच्याकडे तो झोपतो, त्यांच्याकडे तो उंदीर आणून टाकतो, वगैरे. भांडण चालू असताना बोका मधल्या पायरीवर बसून पंजा चाटत होता.

शेवटी वार वाटून घेतले. माझ्या आयुष्यातली ही पहिली सहकारी संस्था. पुढे ज्या संस्थांवर काम केलं, त्यांपैकी एकही इतकी नीट चालली नाही.

सूक्ष्मदर्शक

धागा आवडला. शाईचा डाग, तुमची ठिपकी नावाला ओ देत नव्हती याचा अर्थ तिला नाव कळत नव्हतं असा नाही हं. 2019 मध्ये जपानमधल्या संशोधकांनी मांजरांना त्यांचं नाव आणि तशाच लांबीचे, तशाच चालीचे दुसरे शब्द ऐकवून पाहिले. नाव आलं की मांजरं कान-मान हलवत होती, म्हणजे नाव वेगळं ओळखत होती. उठून येत मात्र क्वचितच. थोडक्यात, ऐकू येतं, कळतंही, पण यायचं की नाही हा त्यांचा प्रश्न.

टक लावून बघण्याचंही तसंच आहे. रोखून बघणं मांजरांत धमकीसारखं घेतलं जातं. उलट डोळे अर्धवट मिटून सावकाश उघडझाप केली तर मांजर बरेचदा तशीच उघडझाप करून उत्तर देतं. ससेक्स विद्यापीठातल्या मंडळींनी 2020 मध्ये यावर प्रयोग केले. अनोळखी माणसानं अशी उघडझाप केल्यावर मांजरं त्याच्या हाताकडे यायला जास्त राजी झाली. तुम्ही पुस्तकात डोळे घालून बसायचात, तेव्हा नकळत अर्धं काम झालेलं असायचं.

माझं स्वतःचं शिक्षण वहीत झालं. माळ्यावर एका मांजरीनं पिल्लं घातली होती. हात लावायचा नाही अशी घरातून सक्त ताकीद होती, मग करायचं काय? लांबून बघून चित्रं काढायचो. आठवडा-दीड आठवड्यात डोळे उघडले, सगळ्यांचे निळे. मी चारही चित्रांत निळा रंग भरून टाकला. पुढे महिना-दीड महिन्यानंतर एकेकाचे डोळे हिरवट, पिवळट व्हायला लागले आणि माझी चित्रं खोटी पडली. मला भयंकर राग आला होता. खोडून पुन्हा रंगवणार होतो, तर थोरल्या बहिणीनं सांगितलं, खोडू नकोस, शेजारी नवीन काढ आणि तारीख टाक. आज प्रयोगशाळेच्या वहीत मी जे करतो ते हेच.

अवांतर: तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी भाटीच असते. तांबूस रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. तांबूस आणि काळा हे दोन्ही रंग एकाच अंगावर यायचे तर दोन एक्स लागतात आणि बोक्याकडे एकच असतो. हे गणित शंभर वर्षांपासून माहीत होतं, पण नेमकं जनुक कोणतं ते 2025 मध्ये जपान आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी शोधून काढलं. आणि हो, एकाच वेतातली पिल्लं वेगवेगळ्या बोक्यांची असू शकतात. माझ्या चित्रांतली चौघं एकमेकांसारखी का दिसत नव्हती, याचं उत्तर मला कॉलेजात मिळालं.

कोरडेठाक

सगळ्यांचं छान छान चाललंय, तर मी जरा मिठाचा खडा टाकतो.

बशी ठेवणं हा या प्रकरणातला सोपा भाग आहे. आम्हीही मुलं मिळून एका मांजरीला खायला घालायचो. ती धष्टपुष्ट झाली आणि व्यायली. पिल्लं गोड, सगळी गल्ली कौतुक करायला आली. त्यातली बरीचशी मेली. काही गाडीखाली, काही आजारानं, एक बोक्यानं मारलं. तोवर ती पुन्हा गाभण. मांजर चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, साधारण नऊ आठवड्यांत विते आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा माजावर येऊ शकते. हे एकाही मोठ्या माणसाला माहीत नव्हतं, किंवा असून त्यांनी काही केलं नाही. नसबंदी हा शब्द मुलांसमोर उच्चारायचीच चोरी.

म्हणजे आमच्या दयेतून नेमकं काय निघालं? मेलेली पिल्लं पुरायला खड्डा कुठे खणायचा, हे आम्हाला पाठ झालं. मुलांना जबाबदारी शिकवण्यासाठी भटकं मांजर, ही कल्पनाच मला मान्य नाही. शिकवणी मुलांची आणि फी मांजरानं भरायची!

शाईचा_डाग

कोरडेठाक, नसबंदीबद्दल शंभर टक्के सहमत. पण हा दोष बशी ठेवणाऱ्या पोरांच्या पदरात का घालता? दवाखान्यात नेणं, पैसे भरणं, पिंजरा आणणं हे मोठ्यांचं काम. मुलांनी मोठ्यांना त्या कामाला लावावं, एवढंच म्हणता येईल.

आणि मांजर सांभाळल्यानं मुलं जबाबदार होतात, असं मी म्हटलेलंच नाही. पहिलंच वाक्य वाचा पुन्हा. :)

ठिपकीचं विचाराल तर ती एका पावसाळ्यानंतर दिसेनाशी झाली. काय झालं ते कळलं नाही. मोठ्यांनी ‘दुसरीकडे गेली असेल’ असं सांगितलं आणि ते त्यांनाही खरं वाटत नव्हतं, हे मला दिसत होतं. त्या वेळी खरं काय ते कुणी बोललं असतं तर बरं झालं असतं. लहान मुलांना मरण कळत नाही असं नाही. आपल्याशी कोण खरं बोलत नाही हे त्यांना जास्त पटकन कळतं.

भाटीमावशी

थोडी उशिरा आले. आयडीवरून ओळखलंच असेल, आमच्याकडे येणं-जाणं बरंच असतं.

लहानपणी मला जे मिळालं ते शेजारच्या एका आजींकडून. पावसात भिजलेलं, डोळे न उघडलेलं एक पिल्लू मुलांनी उचलून आणलं. कुणी वाटीत दूध आणलं, कुणी ड्रॉपर. आजींनी सगळ्यांना मागे सारलं. पिल्लाच्या तोंडात बोटाचं टोक घालून बघितलं, म्हणाल्या, तोंड गार आहे, आत्ता काही द्यायचं नाही. कोरड्या फडक्यानं पुसलं, शालीत गुंडाळून पोटाशी धरलं आणि बसून राहिल्या. आम्ही घायकुतीला आलो होतो. उपाशी आहे ना ते, द्या ना काहीतरी! आजी ढिम्म. बऱ्याच वेळानं ते हातपाय हलवून तोंडानं चाचपायला लागलं, तेव्हा म्हणाल्या, हं, आता आणा.

त्या बरोबर होत्या हे मला फार पुढे कळलं. पहिले तीनेक आठवडे पिल्लाला स्वतःची ऊब टिकवता येत नाही. अंग गार असताना पोट चालत नाही. दिलेलं पचत तर नाहीच, श्वासनलिकेत जाण्याचीही भीती असते. म्हणून आधी ऊब, मग घास. कुणी रडत घरी आलं की त्याला आधी सल्ला पाजायचा नाही, हेही मी तिथेच शिकले असं म्हणायला हरकत नाही.

आता जरा कामाचं, कारण असे धागे वाचून कुणीतरी उद्या पिल्लू उचलणार.

पिल्लं एकटी दिसली म्हणून लगेच उचलू नका. आई बहुधा खायला शोधायला गेलेली असते आणि तुम्ही तिथे उभे असाल तोवर ती येणार नाही. लांब जाऊन काही तास लक्ष ठेवा. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते, हा समज चुकीचा आहे. पिल्लं पोट भरून झोपलेली, अंगानं गरम असतील तर आई आहे असं समजा. सारखी ओरडत असतील, गार असतील, अंगावर माश्या बसत असतील, तर मात्र थांबू नका.

गाईचं दूध नको. पिल्लांना जुलाब होतात आणि एवढ्याशा जिवाला जुलाब म्हणजे खेळ खलास. मांजराच्या पिल्लांसाठी वेगळी दूधपावडर मिळते, ती वापरा. पाजताना माणसाच्या बाळासारखं उताणं धरायचं नाही, पालथंच ठेवायचं, आईला पिताना असतं तसं. पाजून झालं की कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं शेपटीखाली हलकेच पुसायचं, कारण तीनेक आठवडे पिल्लाला आपणहून शी-शू करता येत नाही. आई चाटून करवते, आई नसेल तर आपण. आमच्याकडे मुलांना हे काम सांगितलं की पहिल्या दिवशी ईऽऽ करतात आणि दुसऱ्या दिवशी कुणाची पाळी यावर भांडतात.

रोज एकाच वेळी वजन करा, स्वयंपाकघरातला छोटा काटा पुरतो. जन्मताना पिल्लू साधारण 100 ग्रॅमचं असतं आणि आठवड्याला जवळपास तेवढंच वाढतं. वजन थांबलं किंवा उतरलं की पिल्लू वरवर ठीक दिसत असलं तरी दवाखाना गाठा.

कोरडेठाक, तुमचा राग रास्त आहे. नसबंदीवाचून खायला घालू नये असं मी म्हणणार नाही, पण खायला घालणाऱ्यानं तिथेच थांबू नये. उलट रोज ठरल्या वेळी खायला येणारं मांजरच पिंजऱ्यात येतं. बशी हीच त्या कामाची पहिली पायरी असते.

दोन_पोरांची_आई

अगदी वेळेवर धागा सापडला. आमच्या मागच्या अंगणात सध्या एक करडी मांजर येते आणि दोन्ही पोरं तिच्या मागे वेडी झालीत. काल धाकट्याला बोचकारलं. नवऱ्याचं म्हणणं, बास झालं, खाणं बंद करा, रोग होतील. पोरांनी अन्नत्याग पुकारलाय (बिस्किटं वगळून). काय करू?

रात्रपाळी

आई, आधी बोचकारल्याचं. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची. पंधरा म्हणजे खरोखर पंधरा, घड्याळ लावून. काल तेवढं झालं नसेल तर आत्ता धुवा आणि आजच डॉक्टरांना दाखवा. मांजर अनोळखी आहे, लस झालेली माहीत नाही, तेव्हा रेबीजच्या इंजेक्शनांचा निर्णय त्यांनीच घ्यायचा. ओरखडा बारीक आहे म्हणून सोडून देऊ नका.

बाकी रोगांना एवढं घाबरायचं कारण नाही. हात लावल्यावर साबणानं हात धुणे, तोंडाशी तोंड न नेणे, पिसवा आणि जंतांचं औषध पशुवैद्यांना विचारून देणे. विष्ठेतून पसरणाऱ्या टॉक्सोप्लाझ्माची भीती लोकांना असते, पण विष्ठेतले ते जंतू बाधायला किमान एक दिवस जावा लागतो, म्हणून घाण रोजच्या रोज उचलली की धोका बराच कमी होतो. घरात कुणी गरोदर असेल तर तिनं ते काम करायचं नाही. आणि माणसाचं कुठलंही औषध मांजराला देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराला मारू शकते.

आता धाग्याच्या विषयाकडे. मी दवाखान्यात नर्स आहे, माणसांच्या. आमच्याकडे लहानपणी एक म्हातारी मांजरी यायची. एका आठवड्यात मला काहीतरी वेगळं वाटायला लागलं, पण सांगता येईना. खात होती, चालत होती, मांडीवर घेतली तर घुरघुरत होती. घरचे म्हणाले, घुरघुरतेय म्हणजे मजेत आहे. मी मात्र बघत राहिले. पाठीवरचे केस चिकटल्यासारखे झाले होते, म्हणजे तिनं अंग चाटणं सोडलं होतं. पाण्याच्या भांड्यावर मान झुकवून बसायची, नाक पाण्याला टेकेल इतकी, आणि पीत नव्हती. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरट पडदा वर आलेला दिसत होता. मी हे सगळं एकेक करून सांगितलं तेव्हा कुठे वडील तिला घेऊन निघाले. मूत्रपिंडाचा त्रास निघाला. औषधांवर ती पुढे बरीच जगली.

मांजरं दुखत असतानाही घुरघुरतात. दुखणं लपवणं हा त्यांचा स्वभावच आहे. एकटं शिकार करून जगणारा छोटा प्राणी, कमजोरी दाखवून त्याला चालत नाही. वॉर्डात नवीन मुली आल्या की मी सांगते, जो पेशंट ओरडतोय त्याच्याकडे सगळेच धावतात, कोपऱ्यातला ‘मला काही नाही हो’ म्हणतोय त्याच्याकडे आधी जा. कुठून शिकले ते मात्र त्यांना सांगत नाही, हसतील.

कोरडेठाक

रात्रपाळी, हे पटलं. माझं म्हणणं मी मागे घेत नाही, पण एवढं मान्य करतो की काही मुलं बघायला शिकतात. आम्ही नुसते मोजत होतो, किती झाली आणि किती उरली.

उशिरा_उठणारा

रात्रपाळी, खरं सांगू का, तुमचा प्रतिसाद वाचून आमच्या राजा ऊर्फ बंड्या ऊर्फ मोत्या ऊर्फ सोनीबद्दल वाईट वाटलं. चार घरी जेवणारं मांजर आजारी पडलं तर कळणार कुणाला? प्रत्येकाला वाटणार, आज शेजारी जेवून आला असेल.

भाटीमावशी

उशिरा_उठणारा, यावर साधा उपाय आहे. कागदाची पट्टी गळ्यात सैलसर अडकवायची, चिकटपट्टीच्या अगदी छोट्या तुकड्यानं, म्हणजे कुठे अडकली तर फाटून सुटेल. तीवर लिहायचं, ‘याला आम्हीही खायला घालतो, तुम्ही कोण?’ आणि आपला नंबर. बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत फोन येतो. दोरा, रबर, घट्ट पट्टा कधीही बांधायचा नाही, पाय किंवा जबडा अडकतो.

दोन_पोरांची_आई

सगळ्यांचे आभार. धाकट्याला दाखवून आणलं, इंजेक्शनं सुरू झाली. खाणं बंद केलेलं नाही, पण नियम केलेत. बशी ठेवायची, चार पावलं मागे यायचं, हात लावायचा नाही. थोरलीला डोळ्यांची उघडझाप सांगितल्यापासून ती दिवसभर सगळ्यांना करतेय, आजोबांनाही. काल मांजरीनं उत्तर दिलं म्हणते. मला दिसलं नाही, पण खरं असेल.

एक विचारायचं होतं. मांजरीच्या डाव्या कानाचं टोक नाहीये. मारामारीत गेलं असेल का? जखम वगैरे दिसत नाही, अगदी सरळ कापल्यासारखं आहे.

भाटीमावशी

सरळ आहे ना? मग ती मारामारी नाही. मारामारीत कान फाटतो, कडा वेड्यावाकड्या होतात. नसबंदी झालेल्या भटक्या मांजराचा कान असा कापतात, भूल असतानाच, म्हणजे तिला पुन्हा पकडून पोट उघडायची वेळ येऊ नये. तुमच्या आधी कुणीतरी तिच्यावर बरीच मेहनत घेतलेली आहे. बहुधा रेबीजची लसही त्याच वेळी दिलेली असेल, पण त्या भरवशावर इंजेक्शनं अर्धवट सोडू नका.

दोन_पोरांची_आई

अय्या! नाही सोडणार. पोरांना सांगितलं तर थोरली लगेच म्हणाली, म्हणजे ती आपली नाहीच. धाकटा म्हणाला, आपली पण आहे. चालू आहे भांडण.

कोरडेठाक

ते काम कुणी केलं ते आधी शोधा. मावशींची कागदाची पट्टी सध्या नको, हात लावू देत नाही ना ती. आसपासच्या पशुवैद्यांकडे चौकशी करा, त्यांना माहीत असतं. माणूस सापडला की अंगणात आणखी कोणती मांजरं येतात, त्यांतल्या कुणाचे कान अजून शाबूत आहेत, याची यादी थोरलीला करायला लावा आणि त्यांच्या हातात द्या. पिंजरा धरायला माणूस कमी पडत असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.